लंबक गेला, हेलकावा राहिला

१/ लंबक गेला, क्वार्ट्झ आले आणि हालचालीची चिंता मिटली, असा घड्याळांचा इतिहास बहुधा सांगितला जातो. हे अर्धसत्य आहे. क्वार्ट्झला धक्के जाणवतात आणि गुरुत्वाकर्षणही जाणवते.

२/ जहाजाच्या हेलकाव्यांनी लंबकाची लय बिघडे. म्हणून इंग्लंडच्या जॉन हॅरिसनने १७३५ मध्ये पूर्ण केलेल्या ‘एच-१’ या सागरी घड्याळात विरुद्ध दिशांना झुलणाऱ्या, परस्परांना जोडलेल्या दोन दांड्या बसवल्या. हेलकाव्याने एकीवर होणारा परिणाम दुसरीने पुसून टाकावा, ही त्यामागची कल्पना.

३/ १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि जोसेफ हॉर्टन यांनी पहिले क्वार्ट्झ घड्याळ साकारले. त्यात विजेच्या साहाय्याने स्फटिक ठरावीक वारंवारितेने कंप पावतो. लंबक नाहीसा झाला. प्रश्न मात्र सूक्ष्म रूपात उरला.

४/ कारण स्फटिकाच्या चकतीला आधार द्यावाच लागतो. त्वरण लाभताच त्या आधारांतून चकतीवर ताण येतो आणि वारंवारिता किंचित सरकते. एका ‘जी’मागे एक अब्जांश, हे प्रमाण सर्वसामान्य मानले जाते. असा आंदोलक नुसता उलटा केला, तरी २ ‘जी’चा फरक पडतो आणि दिवसाला सुमारे १७० मायक्रोसेकंदांची चूक होऊ शकते.

५/ ही चूक क्षुल्लक नाही. हेलिकॉप्टरमधील रडारचा संकेत कंपनांनी गढूळ होतो आणि सावकाश सरकणाऱ्या लक्ष्याचा क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडून जातो.

६/ मग आंदोलक रबरावर किंवा स्प्रिंगांवर का ठेवू नये? ठेवतातच. परंतु अशी बैठक जलद कंपने अडवते, स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेजवळची कंपने उलट वाढवते आणि गुरुत्वाकर्षणासारखे स्थिर त्वरण तर तिला मुळीच अडवता येत नाही.

७/ म्हणून अभियंत्यांनी स्फटिकातच उपाय शोधला: ताणाला कमी दाद देणारा काप, अधिक सममित आधार आणि परस्परविरोधी संवेदनशीलतेच्या दोन स्फटिकांची जोडी. एकाची वारंवारिता वाढते तेव्हा दुसऱ्याची घटते. हॅरिसनच्या दोन दांड्यांमागील विचार इथे पुन्हा भेटतो.

८/ तेव्हा हॅरिसनला केवळ लंबकयुगाचा कारागीर ठरवणे अन्यायाचे आहे. साधने बदलली, तरी त्याने हाताळलेला प्रश्न जुना झालेला नाही. नव्या यंत्राने कोणता प्रश्न सोडवला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने जरूर विचारावे. त्याने कोणता प्रश्न केवळ लहान केला, हेही तितक्याच आग्रहाने विचारावे.