कंगव्यावाचून अडलेले यंत्र

पालघरच्या किंवा बोईसरच्या बाजारपेठेत केस कापण्याचे विजेचे यंत्र, ज्याला आता सर्रास ट्रिमर म्हणतात, विकत घेणे अत्यंत सुलभ आहे. परंतु त्याच यंत्राच्या तोंडावर बसणारा प्लॅस्टिकचा कंगवा मोडला आणि तेवढाच एक जिन्नस मागावयास गिऱ्हाईक दुकानी गेले, तर दुकानदार त्याच्याकडे ज्या अनुकंपेने पाहतो, ती पाहून आपण काही बेकायदा मागणी तर केली नाही ना, अशी शंका त्या बिचाऱ्यास आल्यावाचून राहत नाही. ‘नवा सेटच घेऊन टाका,’ हा त्याचा ठरलेला जबाब. हा जबाब मला अन्यायाचा वाटतो. आणि अन्याय क्षुल्लक वस्तूच्या बाबतीत होतो, एवढ्याच सबबीवर त्याची कोठे दाद लागत नाही.

घरी केस कापण्याचा शिरस्ता आपल्याकडे रुजला तो प्रामुख्याने २०२० च्या टाळेबंदीत. मार्चमध्ये बंद झालेली केशकर्तनालये राज्यात २८ जून रोजी, तीही दाढीची मनाई कायम ठेवून, उघडली. मधल्या काळात नाभिक बांधवांनी जे सोसले त्याचा हिशेब निराळाच मांडावा लागेल. दुकाने उघडली तरी घरात आलेले यंत्र घरातच राहिले, कारण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या माणसास आठवड्याच्या एकुलत्या सुटीचा अर्धा दिवस रांगेत घालवणे परवडत नाही.

या यंत्रातील सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत जबाबदारीचा भाग म्हणजे हा कंगवाच. पाते केस कापते खरे, पण किती कापावे याचा निवाडा कंगवा करतो: बहुतेक मोठ्या यंत्रांवर एक क्रमांकाचा कंगवा सुमारे ३ मिलिमीटर केस राखतो, दोन क्रमांकाचा ६, आणि चार क्रमांकाचा १३ च्या आसपास. त्याचा एखादा दाता तुटला की त्या फटीतून पाते थेट त्वचेपर्यंत पोहोचते, आणि शाळेत निघालेल्या मुलाच्या डोक्यावर एक पांढरा पट्टा उमटतो, ज्याचे स्पष्टीकरण त्या मुलास पुढे पंधरा दिवस वर्गात देत बसावे लागते. दात्यांच्याही आधी बहुधा मागची खाच निकामी होते. कारण कंगवा काढताना तो एका कोपऱ्यातून ओढला जातो, आणि काम संपल्यावर यंत्रावर तसाच चढवून खणात कोंबला जातो. तो उतरवून, ब्रशने झाडून, कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. उन्हात किंवा कढत पाण्यात प्लॅस्टिक वाकते, आणि वाकलेला कंगवा मोडलेल्याहून अधिक फसवा असतो.

पात्यांची निगा त्याहून नाजूक. दोन पात्यांपैकी हलणाऱ्या पात्याचे टोक स्थिर पात्याच्या किंचित मागे असले पाहिजे. स्क्रू सैल होऊन ते पुढे सरकले की कातडीस चावा बसतो. चिंचणी-तारापूरच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः आषाढ-श्रावणात, पुसून न ठेवलेल्या पोलादावर तांब चढण्यास फार अवधी लागत नाही. म्हणून प्रत्येक वापरानंतर यंत्र चालू ठेवून शिलाई मशीनच्या तेलाचे एकदोन थेंब दात्यांवर सोडावेत. घरात हाताशी असलेले खोबरेल मात्र वर्ज्य. थंडीत ते थिजते, एरवी चिकट होऊन केसांचा गाळ धरून बसते.

इतकी मशागत करूनही कंगवा कधी तरी मोडणारच, आणि खरी तक्रार तेथूनच सुरू होते. एका कारखानदाराचा कंगवा दुसऱ्याच्या यंत्रास बसत नाही. पुष्कळदा त्याच कारखानदाराच्या नव्या नमुन्याचा जुन्यास बसत नाही. सुटा भाग परक्याच्या मर्जीवर असला म्हणजे यंत्राची मालकी किती पोकळ ठरते, हे इतर कोणास नसले तरी तारापूरला ठाऊक असावयास हवे. १९६९ साली सुरू झालेल्या येथील अणुवीज केंद्राच्या अमेरिकी अणुभट्ट्यांसाठी इंधन आणि सुटे भाग मिळणे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर दुर्घट होत गेले. इंधनाची तजवीज १९८२ मध्ये फ्रान्सकडून झाली, सुट्या भागांचा तंटा मात्र त्यानंतरही रेंगाळला, आणि आपल्या अभियंत्यांनी कित्येक गोष्टी येथेच निभावून नेल्या. ज्या चिंचणी-वरोर परिसरात दागिन्यांचे साचे पोलादावर कोरणारे डायमेकर पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, तेथे एका प्लॅस्टिकच्या कंगव्यासाठी संपूर्ण यंत्र कचऱ्यात जावे, हा विरोधाभास मला असह्य वाटतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली; शेतीची अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने तिच्या विचारकक्षेत आली. चांगलेच झाले, पण हक्काची भाषा ट्रॅक्टरापाशी सुरू होऊन कंगव्यापर्यंत उतरली पाहिजे. मोजक्या प्रमाणित मापांचे कंगवे, त्यांवर ठसठशीत क्रमांक, आणि यंत्राच्या वेष्टनावरच सुट्या कंगव्याची व पात्याची छापील किंमत, एवढे कारखानदारांवर बंधनकारक करण्यास सरकारला कोणतीही अडचण नसावी. तोवर वाचकांनी यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी सुट्या कंगव्याची विचारावी, आणि तो मिळत नसेल तेथून यंत्रही घेऊ नये.