सिकलसेलचा अहवाल कामगाराच्याच हातात हवा

विदर्भात सिकलसेलची तपासणी होते ती प्रामुख्याने आदिवासी गावांत, आश्रमशाळांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि गरोदर महिलांची. ती बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतीतही झाली पाहिजे. मात्र तिथल्या तपासणीचा अहवाल कारखान्याच्या फायलीत जाता कामा नये, तो फक्त कामगाराच्या हातात पडला पाहिजे. या दोन मागण्या एकत्रच मान्य व्हायला हव्यात. पहिली स्वीकारून दुसरी वाऱ्यावर सोडली तर ज्यांच्या भल्यासाठी तपासणी करायची, त्यांचीच रोजी त्यामुळे जाईल. नागपूरच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवरच्या या वसाहतीत काम करणारी पोरे विदर्भातल्या गावोगावची आहेत, लग्नाच्या वयाची आहेत आणि आशाताई घरी येते तेव्हा ती पाळीवर असतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. लग्न ठरवण्याच्या उंबरठ्यावरचा तरुणच या तपासणीतून निसटत असेल, तर ते उद्दिष्ट गाठायचे कसे?

हा आजार नेमका काय आहे हे समजले की तपासणीची वेळ इतकी महत्त्वाची का, तेही समजते. रक्तातला प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते. ती १४६ अमिनो आम्लांची बनलेली असते. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, कारण जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाला पाण्याचे आकर्षण असते, तर व्हॅलीन पाण्यापासून दूर राहू पाहते. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ धागे होतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे ठणकतात, प्लीहा आणि मूत्रपिंड खराब होत जातात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये या रोगाचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ते एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन भिडवले. आपल्याकडे ज्याला ‘एएस पॅटर्न’ म्हणतात त्या वाहकाला बहुधा आयुष्यभर काही होत नाही, म्हणून त्याला पत्ताही नसतो. दोन एएस एकत्र आले की प्रत्येक गर्भारपणात बाळ एसएस, म्हणजे प्रत्यक्ष रोगी, असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका तसूभरही कमी होत नाही.

हा आदिवासींचा आजार आहे, कारखान्यात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. नागपूरचा इतिहास वेगळे सांगतो. निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल १९५२ मध्ये आढळला. त्यानंतर सहाच वर्षांनी शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले आणि विदर्भातल्या दलित समाजातले त्याचे अस्तित्व वैद्यकविश्वासमोर आले. पुढे कमी प्रमाणात का होईना, तो इतर समाजांतही सापडला. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असते म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, अशीही एक समजूत होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातली मुले तपासली तेव्हा ही समजूत टिकली नाही. त्याच कामातून हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कमी, ठरावीक मात्राही इथल्या मुलांना उपयोगी पडते हे दिसून आले. संपत रामटेके यांना २०१८ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली ती याच शहरातल्या सिकलसेलच्या कामासाठी. ज्ञान आणि चळवळ दोन्ही हाताशी असलेल्या जिल्ह्याने तपासणीसाठी फक्त गावाकडेच पाहावे, हे मला पटत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. तपासणी कारखान्यात झाली तर मालकाला कळेल, आणि कळले की कंत्राटदार ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणेल. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या सिकलसेल तपासणीचा धडाका लागला आणि निरोगी वाहकांनाही नोकरीत व विम्यात त्याची किंमत मोजावी लागली. वायुदलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. आपल्याकडे तर या आजाराला जातीची सावली चिकटलेली, म्हणून धोका दुहेरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलच्या रुग्णाला दिव्यांगांच्या यादीत स्थान दिले, पण निरोगी वाहकाला नोकरीत जनुकीय भेदभावापासून वाचवणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र २०१७ च्या कायद्याने नोकरीची अट म्हणून चाचणी करण्यास मनाई केली आहे. तसेच कलम सिकलसेलसाठी आणणे अवघड नाही.

मालकांची बाजू अशी की भट्टीजवळ, उन्हात, जड कामावर वाहकाला काही झाले तर जबाबदार कोण? नागपूरचा मे महिना पाहता प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अमेरिकी लष्करात मिळते. तिथल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी तुटण्याचा धोका वाहकांत काहीसा जास्त निघाला, मृत्यूचा धोका मात्र जास्त नव्हता. या लष्करात पाणी, विश्रांती आणि उष्णतेपासून बचावाचे नियम सगळ्यांसाठीच होते. म्हणजे वाहक शोधून काढून टाकण्यात सुरक्षितता नाही. प्रत्येक कामगाराला पुरेसे पाणी आणि सावलीतली विश्रांती मिळण्यात ती आहे, आणि ती मालकाने तसेही द्यायचीच असते. एसएस कामगाराची गोष्ट निराळी. त्याला उन्हातले कष्टाचे काम खरोखर सोसत नाही. त्याने स्वतः सांगून हलके काम मागावे आणि ते नाकारले जाऊ नये.

तपासणी करून कार्ड वाटले की काम संपले, असेही नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात जवळपास दर चौथा माणूस वाहक होता. सगळ्यांना आपापली स्थिती सांगितली गेली, पण वाहक म्हणून लागलेल्या शिक्क्याने लोक गोष्ट लपवू लागले आणि वाहकांची आपसातली लग्ने थांबली नाहीत. म्हणून समुपदेशक हवाच, आणि तो कामगाराच्या बोलीत बोलणारा, दोन एएस जोडप्याला गर्भातल्या बाळाची तपासणी करता येते हे सांगणारा हवा. निर्णय जोडप्याचा राहील, माहिती मात्र पूर्ण असावी. जनुकोपचार येतच आहेत, मग ही धडपड कशाला, असे म्हणणाऱ्यांनी किंमत पाहावी. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे. त्यामानाने रक्ताची चाचणी फारच स्वस्त पडते.

यंत्रणा नव्याने उभारण्याचीही गरज नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार आणि त्याचे कुटुंब येते. तिच्या दवाखान्यात ही चाचणी ऐच्छिक आणि मोफत व्हावी, अहवाल बंद पाकिटात कामगारालाच मिळावा, आणि जे कंत्राटी मजूर या योजनेबाहेर राहतात त्यांच्यासाठी जिल्हा आरोग्य विभागाने वसाहतीत रात्रपाळीनंतरच्या वेळी शिबिरे घ्यावीत. राज्य सरकारने त्यासोबतच एक साधा आदेश काढावा : सिकलसेलचा अहवाल मागणारा मालक किंवा कंत्राटदार दंडास पात्र राहील. बुटीबोरीच्या कामगार संघटनांनी पुढच्या वेतन कराराच्या बैठकीत हा मुद्दा पगारवाढीच्या बरोबरीने मांडावा.