परदुःख शीतल

मनुष्याला दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची हौस फार. शेजारी भांडण जुंपले, की वाटेने जाणाऱ्याचे पाऊल आपोआप मंदावते. ही हौस जुनी आहे. परंतु तिचा रीतसर व्यापार मांडला तो दूरचित्रवाणीने. अमेरिकेत व इंग्लंडात दिवसा दाखवले गेलेले काही ‘गप्पांचे’ कार्यक्रम हा त्या व्यापाराचा ठळक नमुना होय. पतिपत्नींमधील संशय, भावाभावांचे वैर, पितापुत्रांमधील दुरावा अशी खाजगी दुःखे घेऊन सामान्य माणसे तेथे येत, आणि मंचासमोर बसलेला जमाव त्यांच्याकडे पाहून टाळ्या पिटत असे. अशा कार्यक्रमांत पाहुण्याला आधार मिळतो, की त्याच्या असहायतेचा लाभ उठवला जातो, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

अमेरिकेत जेरी स्प्रिंगर यांचा कार्यक्रम १९९१ पासून २०१८ पर्यंत चालला. पूर्वी सिनसिनाटी शहराचे महापौरपद भूषवलेल्या या गृहस्थांच्या मंचावर पाहुणे हातघाईवर येत, आणि त्यांना आवरण्यासाठी रक्षक उभे असत. इंग्लंडात जेरेमी काइल यांचा कार्यक्रम २००५ मध्ये सुरू झाला. त्याच्या मंचावर झालेले मारामारीचे एक प्रकरण २००७ मध्ये मँचेस्टरच्या न्यायालयात पोचले, तेव्हा न्यायाधीशांनी या कार्यक्रमाची तुलना अस्वलाच्या झुंजीशी केली. पूर्वी इंग्लंडात अस्वलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडत, आणि लोक ती झुंज चवीने पाहत. तो क्रूर खेळ १८३५ मध्ये कायद्याने बंद झाला. मुक्या प्राण्याला जे संरक्षण मिळाले, ते बोलत्या माणसाला मिळण्यास मात्र फार विलंब लागला.

आपण आपल्या वाग्दत्त वधूशी एकनिष्ठ आहोत हे सिद्ध करण्यासाठी २०१९ मध्ये एका पाहुण्याने काइल यांच्या कार्यक्रमात असत्यशोधक यंत्राची परीक्षा दिली. हे यंत्र नाडी, श्वास आणि घाम यांतील फरक टिपते; पण भ्यालेल्या प्रामाणिक माणसाची नाडीही जलद चालतेच! यंत्राने त्याला खोटे ठरवले. पुढे थोड्याच दिवसांत त्याचा मृत्यू झाला, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात तो कार्यक्रम कायमचा बंद करण्यात आला. मृत्यूची चौकशी २०२४ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा त्याचे कारण तो कार्यक्रमच होता, असे मात्र सिद्ध झाले नाही. न्यायबुद्धीने हेही सांगितलेच पाहिजे.

अशा कार्यक्रमांचे समर्थक विचारतात, ‘पाहुणे आपण होऊन येतात, संमतिपत्रावर सही करतात, मग त्यांचे शोषण कसले?’ काही पाहुण्यांना व्यसनमुक्तीसाठी साहाय्य मिळाले, हेही खरे आहे. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु ‘संमती’ या एका शब्दाने माझे समाधान होत नाही, आणि त्याला कारण माझ्याच हातून घडलेला एक जुना अपराध आहे.

मी शिक्षक असताना वर्गातील एका मुलाने सोबत्याचे पेन घेतले. चोरी उघडकीस आली. ‘सर्वांसमोर खरे सांगशील का?’ असे मी त्याला विचारले. त्याने मान डोलावली. फळ्यापाशी उभा राहून तो घरची गरिबी, वडिलांचे व्यसन, सारे काही सांगत गेला. मागच्या बाकावर कोणी तरी हसले. मग सारा वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा शाळेत आला नाही. मी त्याच्यावर बळजबरी केली नव्हती. परंतु फळ्यापाशी उभे राहिल्यावर काय घडेल हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मला ते ठाऊक असायला हवे होते. तीच चौकशी मी दार लावून केली असती, तर सत्य तेवढेच कळले असते. हसणारे मात्र कोणी नसते.

म्हणून मला वाटते, की संमतीचे मोल सहीवर नव्हे, तर सही करणाऱ्याच्या समजुतीवर ठरते. गांजलेला माणूस सुटकेच्या आशेने ‘हो’ म्हणतो. निर्मात्याला मात्र त्याचे अश्रू किती प्रेक्षक खेचतील, याचा हिशेब पाठ असतो. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने २०२१ पासून, सहभागी होणाऱ्यांच्या हिताची योग्य काळजी घेण्याचे बंधन वाहिन्यांवर घातले. हे उचितच झाले. तथापि नियम निर्मात्याला बांधू शकतो, प्रेक्षकाला नव्हे. पाहणारा नसेल, तर हा बाजार एक दिवसही चालणार नाही.

शेजारच्या घरातील रडणे कानी आले, तर माणसाला दोनच गोष्टी शोभतात. मदत करता येत असेल, तर दार ठोठावून आत जावे. येत नसेल, तर मुकाट्याने पुढे चालू लागावे. खिडकीशी थांबून पाहत राहणे मात्र शोभत नाही.