हौशे, नवशे, गवशे आणि फूटीचे भविष्यवेत्ते

फेब्रुवारी आला की मेलबर्नमध्ये दोन गोष्टींना ऊत येतो. एक उकाडा आणि दुसरे भविष्यवेत्ते. एप्रिलमध्ये फूटीचा सीझन सुरू व्हायचा असतो आणि त्याआधी जो तो प्रत्येक क्लबाची पत्रिका मांडून बसलेला असतो. ‘आत आले अमुक, बाहेर गेले तमुक, सबब यंदा चौथा नंबर.’ एएफएलच्या बाबतीत हे चालू द्या. तिथे करार आहेत, पगार आहेत, खेळाडू पळून जाऊ शकत नाही. माझं भांडण आहे ते हीच पत्रिका हौशी क्लबांना लावणाऱ्यांशी.

ज्यांना फूटी म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर खेळला जाणारा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. एका बाजूचे १८ जण मैदानात, लंबगोलच चेंडू, मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. (म्हणजे चुकलात तरी एक गुण मिळतो. आमच्या अप्रेझलमध्ये ही सोय नाही.) आणि हौशी म्हणजे व्हिक्टोरियन अ‍ॅमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन, १८९२ सालची संस्था. हिचा मूळ नियम एकच, खेळाडूला खेळण्याचे पैसे नाहीत. प्रीमियर, प्रीमियर बी, प्रीमियर सी आणि खाली डिव्हिजनची उतरंड. वरचे वर चढतात, तळातले खाली घसरतात. ओल्ड झेवेरियन्स, ओल्ड स्कॉच असे शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे क्लब आणि त्यांच्या जोडीला साधे उपनगरांतले, पेठेतल्या तालमीसारखे क्लब.

मी अशाच एका उपनगरी क्लबात जातो. खेळायला नाही हो, गुणफलक सांभाळायला. कोड लिहिणाऱ्या माणसाला आकडे बदलायला जमतील असा तिथल्या लोकांचा समज आहे.

तर मुद्दा असा. हौशी क्लबाचं प्री-सीझन म्हणजे नोव्हेंबरात सुरू होऊन नाताळात थांबणारं आणि जानेवारीत परत चालू होणारं संध्याकाळचं पळणं. मार्चअखेरपर्यंत बहुतेक मैदानं क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात, त्यामुळे फूटीवाले मिळेल त्या कोपऱ्यात, शाळेच्या हिरवळीवर नाहीतर बागेतल्या पायवाटेवर दोन किलोमीटरची टाइम ट्रायल पळतात. तिथे जे जमतात त्यांना आपल्याकडे फार जुनं वर्गीकरण आहे: हौशे, नवशे आणि गवशे. नवशे म्हणजे नववर्षाचा संकल्प करून आलेले, फेब्रुवारीत गायब. गवशे म्हणजे ‘मला पहिल्या संघात घेता का, नाहीतर पलीकडच्या क्लबाचा फोन आलाय’ असं विचारणारे. उरले हौशे. भविष्यवेत्ते मोजतात नेमके गवशे! कारण गवश्यांना नाव असतं, मागच्या क्लबातली कामगिरी असते, फोटो असतो.

त्यातही लाडका प्रकार म्हणजे ‘व्हीएफएलमधून आलेला’ खेळाडू. व्हीएफएल ही एएफएलच्या खालची मोठी स्पर्धा. असा एक मिळाला की लगेच क्लबाला दोन पायऱ्या वर चढवलं जातं. अरे पण त्याचं नाव जर अजून व्हीएफएलच्या यादीत असेल, तर त्यांनी ज्या शनिवारी त्याला वगळलं त्याच शनिवारी तो तुम्हाला मिळणार ना? ऐन जुलैत त्यांच्याकडे दोघांचे स्नायू दुखावले की हा निघाला तिकडे. आमच्या धंद्यात याला ‘शेअर्ड रिसोर्स’ म्हणतात. दोन प्रोजेक्टवर पन्नास-पन्नास टक्के दाखवलेला माणूस प्रत्यक्षात कुठे असतो हे ज्याला माहीत आहे, त्याने तरी असली भाकितं करू नयेत.

आता तुम्ही म्हणाल, मग मोजायचं काय? साधा हिशेब करू. क्लबाचे किमान दोन संघ, सिनियर आणि रिझर्व्ह. बदली खेळाडू धरून एकेकाला साधारण बावीस जण, म्हणजे दर शनिवारी चव्वेचाळीस. पैसे मिळत नसल्यामुळे या चव्वेचाळिसांना नोकऱ्या आहेत, परीक्षा आहेत, मित्रांची लग्नं आहेत, गुडघे तर आहेतच. दर आठवड्याला दहा-बारा गळणार असं धरलं तर पंचावन्नच्या खाली तुमचं भागत नाही. ही पंचावन्न डोकी कुठून येणार? त्यातला एक व्हीएफएलवाला. बाकीचे चोपन्न कुठल्याच भाकितात नसतात, आणि सीझन ठरतो तो या चोपन्नांवर. ऑगस्टमध्ये पावसात, चिखलात, फायनलची शक्यता संपलेली असताना रिझर्व्हच्या सामन्याला सकाळी कोण उठून येतं? तो आला नाही तर रिझर्व्ह संघ उभा राहत नाही. रिझर्व्ह उभा राहिला नाही की नुकता दुखापतीतून उठलेला कुठे खेळणार आणि अंडर-१९ मधून वर आलेला पोरगा कुठे शिकणार? तो सरळ पैसे देणाऱ्या लीगमध्ये जातो.

हो, पैसे देणारे शेजारीच आहेत. व्हिक्टोरियातल्या बाकीच्या स्थानिक लीगमध्ये खेळाडूंना पैसे मिळतात, आणि ते इतके वाढले की २०१७ पासून त्यांवर क्लबनिहाय मर्यादा घालावी लागली. म्हणजे गावचा क्लब वडे तळून... चुकलो, सॉसेज भाजून पैसे जमवणार आणि ते बाहेरच्या फॉरवर्डला देणार! ही पद्धत क्लबांना झेपत नाही हे नियमवाल्यांनीच मान्य केलं. आणि आमचे भविष्यवेत्ते हौशी क्लबांनाही तीच फूटपट्टी लावतात: बाहेरून कोणाला आणलंत?

फूटपट्टीने नुसतं भाकीत चुकलं असतं तर मी रविवार वाया घालवला नसता. पण कमिटीवालेही हे वाचतात हो. ‘आत आले’ची यादी छोटी दिसली की त्यांना लाज वाटते. मग सगळी शक्ती एका नावामागे, आणि अंडर-१९ च्या प्रशिक्षकाला चेंडू मागितले तर ‘पुढच्या महिन्यात बघू’. फ्रेड ब्रूक्सने १९७५ साली आमच्या धंद्याला बजावलं होतं की उशीर झालेल्या प्रोजेक्टात माणसं ओतली की तो आणखी लांबतो. फूटी क्लबासाठी तसं कोणी लिहिलेलं दिसत नाही.

फिट्झरॉयचंच घ्या. १८८३ सालचा क्लब, वरिष्ठ स्पर्धेची आठ अजिंक्यपदं. १९९६ च्या शेवटच्या मोसमात अख्ख्या वर्षात एक सामना जिंकला, आणि त्यानंतर क्लबाचा फूटीचा कारभार ब्रिस्बेनला गेला. त्या वर्षीची ‘बाहेर गेले’ यादी काढा पाहू. सगळेच! आजच्या पद्धतीने भाकीत काय निघालं असतं? शून्य. पण सभासद गेले नाहीत. तो क्लब फिट्झरॉय रेड्स या हौशी क्लबाशी एकत्र येऊन २००९ मध्ये हौशी स्पर्धेत उतरला, ब्रन्सविक स्ट्रीटच्या आपल्या जुन्या मैदानावर. खेळाडू संपले तरी क्लब संपला नाही, कारण झेंडे, तिकिटं आणि चहाची किटली सांभाळणारे शिल्लक होते. असाच हिशेब महिलांच्या संघांचा. हौशी असोसिएशनमध्ये त्यांची स्पर्धा २०१७ साली सुरू झाली. क्लबात नवी माणसं आणण्याचा याहून सरळ रस्ता मला तरी दिसत नाही, आणि भाकितांत मात्र त्यांना शेवटची अर्धी ओळ.

‘पण पैसे नाहीत म्हणजे दर्जा नाही’ असं आमचेच देशी मित्र ऐकवतात, तेव्हा मला नवल वाटतं. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी नाटकांत वाढलेली माणसं हे म्हणतात! गणेशोत्सव कसा होणार हे तुम्ही कुठला बँड ठरवलाय यावरून सांगता का? विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सतरंज्या झटकायला कितीजण येतात ते बघता ना?

असो. टीका करतो म्हणून भाकीत करायला घाबरत नाही. आमच्या क्लबात जानेवारीतल्या एका चाळीस अंशांच्या मंगळवारी एकतीस जण पळायला आले. त्यातले नऊ गेल्या वर्षीच्या अंडर-१९ मधले. बाहेरून आलेलं मोठं नाव एकही नाही, त्यामुळे पत्रिकावाल्यांनी आम्हाला तळाला टाकलंय. माझं भाकीत: ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारीही आमचे दोन्ही संघ मैदानात असतील, पूर्ण बावीस-बावीस.

रिझर्व्हच्या सामन्यांना गोल अंपायरचे झेंडे हलवायला मात्र अजून माणूस मिळालेला नाही. मेलबर्नमध्ये असाल आणि मंगळवारी सहाला मोकळे असाल तर मैदानावर या. बूट लागत नाहीत.