शेतकऱ्याचा 'र' आणि आपली साक्ष

समजा, माढ्यातली एखादी विद्यार्थिनी लिब्रेऑफिसवर कुणा शेतकऱ्याचा अर्ज टाइप करते आहे आणि पडद्यावर 'शेतकर्याचा' उमटते. ती वैतागते, व्हॉट्सॲप ग्रुपवर 'यात मराठी नीट चालत नाही' असे लिहिते आणि विषय तिथेच संपतो. दोष मात्र राहतो. ज्यांनी तो दुरुस्त करायचा, त्यांच्या कानावर तो गेलेलाच नसतो.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हे बर्लिनमधल्या प्रोग्रामरला कुठून कळावे? हिंदी जाणणाऱ्यालाही तो आडवा 'र' ठाऊक नसतो. ते सांगणे आपलेच काम आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड उघडा असतो आणि दोष नोंदवण्याची वहीही उघडी असते.

आपल्याकडे शहादतीला, म्हणजे साक्षीला, मोठे वजन आहे. पाहिले तेवढेच सांगायचे. अंदाज आणि ऐकीव गोष्ट वेगळी ठेवायची. बगची नोंद ही त्याच जातीची. 'मराठी बिघडली आहे' ही साक्ष नव्हे. कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय दिसायला हवे होते, काय दिसले, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, विंडोज की लिनक्स, हे लिहा.

आधी स्वतः तपासा. साधा र, हलंत, य टाइप केले तर 'र्य' येणे बरोबरच आहे. ऱ, हलंत, य टाइप करूनही रफारच दिसला, तर तो दोष. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील, तर मजकुराची भाषा मराठी निवडली आहे का ते पाहा. काही फॉन्ट त्यावरूनच मराठी वळण देतात. हाच दोष आधी कुणी नोंदवला असेल, तर नवी नोंद न करता तिथेच आपली माहिती जोडा. स्क्रीनशॉटसोबत तो शब्द टाइप करूनही द्या. शेतकऱ्याचा खरा अर्ज मात्र जोडू नका. त्यावर त्याचा आधार क्रमांक असतो. दोन ओळींची नमुना फाइल पुरते.

सुरक्षेचा दोष उघड्या वहीत लिहायचा नसतो. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना लिनक्सवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले. त्यांनी माग काढला, तेव्हा 'एक्सझेड'मध्ये घुसवलेला चोरदरवाजा सापडला. आधी त्यांनी तो सुरक्षा पथकांना खासगीत कळवला, मग जाहीर केला. अर्ध्या सेकंदाकडे कोण लक्ष देतो? त्यांनी दिले.

इंग्रजी मोडकी असली तरी चालते. सूर मात्र अदबीचा हवा, कारण समोरचा अनेकदा बिनपगारी काम करत असतो. नोंद करून विसरूही नका. तो उलट प्रश्न विचारेल. उत्तर गेले नाही, तर लिब्रेऑफिसमध्ये तुमची नोंद 'माहिती अपुरी' म्हणून बंद होते.