मोटारीला प्रिव्हेंटर, माणसाला काय?

आपल्या हिंगोली जिल्ह्यात मळ्यावरच्या स्टार्टरची पेटी उघडली की बहुधा ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर दिसतात. एक फेज गेला तर मोटार जळू नये म्हणून हा बंदोबस्त. रिवाइंडिंगचा खर्च बघता तो हवाच. पण रात्री चिखलात उभं राहून त्याच पेटीला ओला हात लावणाऱ्या माणसासाठी आत काय असतं? बहुतेक ठिकाणी काहीच नाही.

घरीही तेच. "एमसीबी बसवल्यात की, आता कशाची भीती?" हे सेनगाव-कळमनुरीकडे मी कितीदा तरी ऐकलंय. साधा हिशोब करू. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून ०.२३ अँपिअर करंट जातो. म्हणजे जेमतेम ६० वॅटच्या बल्बाएवढा! बल्ब लागलाय की माणूस चिकटलाय, हे १६ अँपिअरच्या एमसीबीला कळणार कसं? ती वायर आणि उपकरणं जळू नयेत म्हणून आहे.

माणसासाठी आहे ती ईएलसीबी, हल्लीची आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती एकाच रिंगमध्ये तोलते. फरक ३० मिलीअँपिअर झाला की क्षणात लाईन बंद. (एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लावला, तर तिलाही काही कळत नाही. तेवढं शहाणपण आपलं.)

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांत हे उपकरण सक्तीचं होतं, पण लहान भाराच्या घरगुती जोडण्या वगळून. मला हे पटत नाही. पत्र्याचं घर, पत्र्याचा कूलर, कपडे वाळत घालायची लोखंडी तार हे सगळं त्या लहान जोडण्यांतच असतं!

"ती सारखी ट्रिप होते" ही तक्रार मात्र खरी आहे. जुनी केबल, जॉइंटवर जॉइंट, पावसात गळती होणारच. मग कुणीतरी डायरेक्ट जोडून देतो. गळती तशीच, फक्त सांगणारी गप्प. अर्थिंगचंही असंच. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि बादलीभर पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

सुट्टीत घरी गेलात की बोर्डावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून बघा. लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर ती आरसीसीबी बदला. आणि असं बटणच सापडलं नाही, तर मळ्यावरचा प्रिव्हेंटर केवढ्याला आणला होता, ते वडिलांना विचारून बोलणं सुरू करा.