भाव दाबतो कोण?

छोट्या कंपनीचा शेअर महिनोन्महिने एकाच पातळीपाशी घुटमळू लागला, की त्यात अडकलेल्यांकडे कारण तयार असते. वॉरंटवाले माल सोडताहेत! भाव चार-पाच रुपये वर सरकतो, वरून माल येतो आणि गाडी पुन्हा मूळ ठिकाणी. तिमाही निकाल बरा आहे, हाती ऑर्डरी आहेत, तरी शेअर हलत नाही म्हणजे कोणीतरी तो दाबून धरलाय, असा सोयीचा निष्कर्ष निघतो. तो अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्याकडे मात्र बाजारही बघत नाही आणि बाजार-नियामक सेबीही पुरेसे बघत नाही.

वॉरंट म्हणजे जमिनीच्या सौद्यातला इसार. आज भाव ठरवायचा, किमान 25 टक्के रक्कम भरायची आणि उरलेली 18 महिन्यांच्या आत भरून शेअर घ्यायचे. नाही भरली तर इसार बुडाला. किमान भाव कंपनीच्या मर्जीवर नसतो. गेल्या 90 किंवा 10 व्यवहार-दिवसांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी, यांतली जी जास्त ती धरावी लागते. रक्कम पूर्ण भरून मिळालेल्या शेअरना व्यवहाराची मंजुरी मिळाली, की प्रवर्तक नसलेल्यांना त्यापुढे सहा महिने ते विकता येत नाहीत. पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. जानेवारी 2022 मध्ये ती निम्म्यावर आणली गेली.

आता हिशेब मांडू. उदाहरण काल्पनिक आहे, पण अशा कंपन्या बाजारात पैशाला पासरी मिळतील. कंपनीचे दोन कोटी शेअर, नफा 12 कोटी, म्हणजे शेअरमागे सहा रुपये. तिने 100 रुपये भावाने 40 लाख वॉरंट दिली. दीड वर्षाने बाजारभाव 180 झाला. मंडळींनी उरलेले 75 रुपये भरले, सहा महिने थांबली आणि विकायला उभी राहिली. या कंपनीच्या रोज प्रत्यक्ष हस्तांतर होते 20 हजार शेअरचे. बाजारातली सगळी खरेदी एकट्या त्यांच्या वाट्याला आली, तरी 40 लाख शेअर खपायला 200 व्यवहार-दिवस, म्हणजे जवळपास दहा महिने लागतील. खरेदीतला चौथा हिस्साच मिळाला तर तीन वर्षांहून अधिक. ज्याला शेअर शंभराला पडला, तो 180 ला विकतो तसा 160 लाही विकेल; त्याला फिकीर नाही. तेव्हा वरून माल येतो, ही तक्रार अशा कंपन्यांत खोटी नाही.

आणि भाव पडायला प्रत्यक्ष विक्रीही लागत नाही. 15 एप्रिल 2024 रोजी अमेरिकेत ट्रम्प मीडिया या कंपनीने शेअर विक्रीसाठी नोंदवण्याची कागदपत्रे नियामकाकडे दाखल केली. त्यात वॉरंटपोटी निघू शकणारे सुमारे 2.15 कोटी शेअर होते, शिवाय खुद्द ट्रम्प यांच्यासह जुन्या भागधारकांचेही. त्यातला एकही शेअर विकला जाण्याआधी, त्याच दिवशी भाव 18 टक्क्यांच्या आसपास कोसळला.

पण दाब आणि टाच यांत फरक आहे. विकणाऱ्याचा साठा कधीतरी संपतो. त्यानंतरही शेअर हलत नसेल, तर दोष विकणाऱ्याचा नव्हे. वरच्याच कंपनीचा विचार करा. वॉरंटमुळे शेअर 2.40 कोटी झाले आणि तेवढ्याच नफ्यावर शेअरमागची कमाई सहावरून पाच रुपयांवर आली. पण कंपनीच्या तिजोरीत 40 कोटी रुपयेही आले. त्या पैशांनी करोत्तर 2.40 कोटी, म्हणजे फक्त सहा टक्के, कमावले तर कमाई पुन्हा सहा रुपयांवर येते. तेवढेही जमले नाही, तर भाव वॉरंटवाल्यांनी दाबला की व्यवस्थापनाने?

अ‍ॅक्सिस बँकेने डिसेंबर 2017 मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला 525 रुपयांनी शेअर आणि 565 रुपयांनी वॉरंट दिली होती. पुढे बेनने आपला हिस्सा ब्लॉक डीलमधून टप्प्याटप्प्याने विकला आणि 2024 मध्ये ती बाहेर पडली. मधल्या काळात करोनाचा तडाखा बसला, एवढा मोठा भागधारक विकत राहिला, तरी अखेरच्या विक्रीवेळी भाव हजारापलीकडे होता. खोल बाजार आणि चालता धंदा असेल तर विकणारा पचतो.

इतिहास तर आणखी वेगळे सांगतो. 2008 च्या पडझडीपर्यंत इसार अवघा दहा टक्के होता. रिलायन्स इंडस्ट्रीजच्या प्रवर्तकांनी त्या ऑक्टोबरात 1,402 रुपयांनी 12 कोटी वॉरंटची उरलेली रक्कम भरली. हिंडाल्कोच्या प्रवर्तकांनी मात्र सुमारे 139 कोटींचा इसार सोडून दिला. भाव खाली गेला की वॉरंट हा कंपनीला पैसा मिळण्याचा भरवसा नसतो, प्रवर्तकाला मिळालेली सवलत असते. 2009 मध्ये सेबीने इसार 25 टक्के केला, तो या धड्यानंतर.

वॉरंटधारकाचे हित भाव दाबण्यात असते कधी? किमान भाव ठरायच्या आधीच्या दिवसांत. म्हणून त्या 90 व्यवहार-दिवसांत शेअर विकलेल्याला वाटपच मिळत नाही, हा नियम योग्य आहे. त्यानंतर त्याला भाव चढाच हवा असतो, निदान विक्रीचा बंध सुटेपर्यंत. छोट्या गुंतवणूकदाराचा खिसा कापला जातो तो इथे. 2014 च्या अखेरीस सेबीने काही छोट्या कंपन्यांबाबत अंतरिम आदेश काढले. खासगी वाटप, मग धंद्याविना चढवलेला भाव, मग करमुक्त नफ्यात विक्री, असा संशय त्यात होता. पुढे पुराव्याअभावी अनेकांवरचे निर्बंध उठले, ही गोष्टही नोंदवायला हवी. तरी पद्धत ओळखीची आहे. वर जाणाऱ्या भावाबद्दल कोणी तक्रार करत नाही. भाव खेळवणाऱ्या ऑपरेटरला शिव्या पडतात त्या उतरणीवर.

राहिला प्रश्न माहितीचा. वरचे 40 लाख शेअर 20 जणांत वाटले, तर प्रत्येकाकडे 0.83 टक्के येतात. तिमाही भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तक नसलेल्यांची नावे एक टक्क्यापासून पुढेच दिसतात. म्हणजे सर्वसाधारण सभेच्या सूचनेत ज्यांची नावे ठळक होती, ते वीसही जण ‘सार्वजनिक’ या रकान्यात विरघळून जातात. ते विकतात कधी, किती, हे सामान्य भागधारकाला कळायला मार्ग नाही. पैशांच्या वापरावर देखरेख करणारी यंत्रणा 100 कोटींहून मोठ्या वाटपालाच सक्तीची. 40 कोटींचे काय झाले, यासाठी कंपनीच्या शब्दावर विसंबायचे. जिथे बाजार उथळ आणि व्यवस्थापन अपरीक्षित, तिथेच कडी उघडी, हे उलटे आहे.

सेबीने वॉरंटवर बंदी आणावी, असे आमचे म्हणणे नाही. बँक दारात उभे करत नाही अशा उद्योगाला हा पैसा उपयोगी पडतो. पण प्रत्येक वाटपासाठी धारकाचे नाव, त्याची खरेदी किंमत, विक्रीचा बंध सुटण्याची तारीख आणि आता शिल्लक किती, हे चार रकाने तिमाही तक्त्यात शेवटचा शेअर विकला जाईपर्यंत छापायला लावावेत, एक टक्क्याची अट न घालता. आणि देखरेखीची 100 कोटींची मर्यादा छोट्या कंपन्यांसाठी भांडवलाच्या प्रमाणात ठरवावी. तोवर गुंतवणूकदारांनी पैसे घालण्याआधी सभेची सूचना स्वतः उघडून वाचावी आणि बंध सुटण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.